चतुर्दशीचं वादळ

ओढ्याकाठचं झाड आडवं झालं आणि आमचे हे त्याच्या फांदीत अडकले. कमरेएवढं पाणी, तेही वाढत चाललेलं. दोन्ही हातांत पाट, पाटावर गणपती. मी मागच्या दारातून हे सगळं पाहिलं.

घरात दुसरं मोठं माणूस नव्हतं. मुलगा श्रीधर सुनेला हॉस्पिटलच्या ड्युटीवरून आणायला गेला होता. सात वर्षांची नात खिडकीत उभी राहून विचारत होती, "आजी, इज आजोबा क्रेझी?" मी तिला म्हटलं, "हो. तू हलू नकोस." आणि अनवाणी शेजारच्या फ्रँकच्या दाराकडे धावले.

परदेशात मुलाकडे, पिस्कॅटवेला येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. हर्णैजवळचं गाव सोडताना हे एसटीत बसल्यावर म्हणाले होते, "मुलाचं घर बघू आणि परत येऊ." मी तेव्हाच ओळखलं होतं की परत यायचं नाही, पितळेची भांडी मी जावेला देऊन टाकली होती. माझी आई म्हणायची, नव्या घरी गेलं की आधी शेजारणीला भेटून ये, चूल मग पेटव. इथे मी चूल पेटवली आणि शेजार राहून गेला. मी चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. फ्रँक कुंपणापलीकडून मान हलवायचा, मीही हलवायची. दोन वर्षांत ओळख तेवढीच.

वादळ आठवडाभर टीव्हीवर होतं. पार आफ्रिकेच्या बाजूला नुसते ढग म्हणून उपजलं, बेटांपाशी येईपर्यंत त्याला मधोमध डोळा फुटला. नाव बाईचं दिलं होतं. हे म्हणाले, "बरोबर आहे." मी म्हटलं, "पुरुषाचं दिलं असतं तर आफ्रिकेतच झोपून राहिलं असतं." नकाशावर ते रोज थोडं वर सरकायचं. कॅरोलिनाला धडकलं, किनारा धरून निघालं आणि शुक्रवारी आमच्यासमोर आलं. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी.

श्रीधर म्हणाला, "बाबा, विसर्जन रविवारी करू. इथे सगळे वीकेंडलाच करतात."

"गणपती काय तुझ्या ऑफिसात नोकरीला आहे, वीकेंडची वाट बघायला?"

दुपारी टीव्हीवाल्यानं सांगितलं, डोळा समुद्रातूनच पुढे लाँग आयलंडकडे गेला. वारा जरा पडला. श्रीधरची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तशी ह्यांनी उत्तरपूजा उरकली आणि पाट उचलला. मी म्हटलं, "डोळा गेला, शेपूट राहिलंय. आपल्याकडे वादळ जाताजाता कोणी होडी काढतं का?" ऐकलं नाही. मग वारा उलट्या बाजूनं आला आणि झाड पडलं.

फ्रँकनं दार उघडलं. मी मराठीतच सांगितलं, दुसरं काय बोलणार. त्यानं माझे चिखलाचे पाय पाहिले, ओढ्याकडे पाहिलं आणि स्वेटरवरच निघाला. पाण्यात उतरून त्यानं खांद्यानं फांदी वर रेटली आणि हात पुढे केला. हे काही तो हात धरेनात.

मी काठावरून ओरडले, "सोडा गणपतीला, तो पाण्यातच जायला निघालाय."

"आरती राहिलीय," हे म्हणाले.

ओठ निळे पडलेले, आणि म्हणे आरती राहिलीय. समजावण्यात अर्थ नव्हता. मी होता नव्हता तेवढा आवाज काढला आणि म्हटलं, "गणपती बाप्पा."

सगळ्या जन्माची सवय. "मोरया," हे म्हणाले, हात खाली गेले, पाट पाण्यावर टेकला आणि मूर्ती गेली. फ्रँकनं बखोटीला धरून ह्यांना ओढलं. त्या ओढाताणीत फांदी निसटून त्याच्या पायावर बसली. तरी त्यानं ह्यांना सोडलं नाही. दोघं चिखलात सरपटत वर आले. श्रीधर पोचला तेव्हा मी दोघांवर आमच्या गोधड्या घालून बसले होते.

पुढच्या वर्षी विसर्जन रविवारी झालं, अंगणात, टबमध्ये. टबात पाणी ह्यांनीच भरलं. फ्रँक काठी टेकत आला आणि त्यानं पाच मोदक खाल्ले. गावाकडून अजून विचारतात, घरी कधी येणार. मी कळवते, घरीच आहे, शेजारी माणूस आहे.

त्या वादळात आमचे हे वाचले. फ्रँकही वाचला, एका पायानं अधू होऊन.