अण्णांचं ओलं फडकं

कुणी काही सांगायला आलं की अण्णा खांद्यावरचं पांढरं फडकं हातात घेत आणि विचारत, "बघितलं, का ऐकलं?"

आमच्या चादरीच्या कारखान्यात ते रंगारी होते. रंगवलेल्या सुताची लड वाळली की फडकं पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि लडीवर घासायचं. फडकं पांढरं राहिलं, तरच लड विणायला मागावर. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, आणि लडीशी मुकाट्यानं बोलणारा माणूस.

नोकरी सुटली तरी फडकं खांद्यावर राहिलं. गेल्या वर्षी मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ फिरला आणि गल्लीनं एका कुंकू विकणाऱ्याला घेरलं. तुम्हीही अशी गर्दी पाहिली असेल. ज्याला काही दिसत नाही, तोच जास्त ओरडतो. अण्णा आत घुसले.

"कुठलं गाव?"

"केम, मालक."

"घरी फोन लाव की. मला बोलू दे."

बोलून झाल्यावर ते गर्दीकडे वळले. "बायको विचारतीय, जेवला का म्हणून. कोण घालतंय जेवायला?"

गर्दी हसत पांगली. जेवायला अण्णांनीच घातलं.

तेव्हा मीही हसलो, पण त्यांच्याकडे बघवलं नाही. नोकरी सुटली, असं मी वर लिहिलं. ती मी घालवली.

मी तिथं सुपरवायझर होतो. एकदा ऑर्डरची घाई होती. अण्णा जेवायला गेले होते, तेवढ्यात मी लाल लडी न तपासताच मागावर चढवायला लावल्या. पहिल्याच धुण्यात चादरींचा रंग गेला. सगळा माल परत आला. मालकांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, "अण्णांनीच पास केल्या. मी बघितलं."

अण्णा शेजारीच उभे होते. साऱ्या गावाला विचारायचे, तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. त्याच आठवड्यात त्यांना काढलं.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. घरच्यांना भेटायला गेलो, तर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "माणूस लाखातला. तेवढ्या लाल लडींत चुकला."

"ते चुकले नाहीत," मी म्हणालो. "लडी त्यांच्याकडे आल्याच नव्हत्या."

अण्णांच्या बायकोनं मान वर केली. "बघितलं, का ऐकलं?"

"मीच केलं, अक्का. आणि खोटं बोललो."

त्यांनी बसलेल्यांवर नजर फिरवली. मग म्हणाल्या, "हितं चार माणसं हायत. बाकीच्यांना कोण सांगणार?"

म्हणून हे लिहिलं. त्या दिवशी निघताना अंगणातल्या दोरीवर ते फडकं दिसलं. कडक वाळलेलं, पांढरं.