मुगाएवढी पेस्ट

वसुधाताई पटवर्धन कुणाचाही कॉम्प्युटर उघडायच्या आधी त्याच्या मालकाला हात धुवायला पाठवत. "पण ताई, उघडणार तर तुम्ही ना?" असं कुणी विचारलं की त्या शांतपणे टॉवेल पुढे करत आणि म्हणत, "मी कशाला? मशीन तुझं आहे."

मलाही त्यांनी असंच पाठवलं होतं. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्याला आलो आणि न्यू टाउनमध्ये राहू लागलो. मी घरबसल्या व्हिडिओ संकलनाची कामं करायची. उन्हाळा लागला तसा माझा कॉम्प्युटर काम ऐन रंगात आलं की बंद पडू लागला. दुकानदाराने बोर्ड गेलाय, नवीनच घ्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्र मंडळात हे रडगाणं गात बसले होते, तर कुणीतरी म्हणालं, "बागबाजारला वसुधाताईंना दाखवलंत का?" मग कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन टॅक्सीने मी त्यांच्या दारात उभी राहिले.

सत्तरीला टेकलेली, सुती साडी नेसलेली, ठेंगणी बाई. जन्म कोलकात्यातला, नोकरी मुलींच्या शाळेत, विषय रसायनशास्त्र. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि डॉक्टर लावतात तसा त्याच्या पाठीला कान लावला.

"पंखा जीव तोडून फिरतोय गं. पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचतच नाहीये."

हात धुऊन आल्यावर त्यांनी माझ्याकडूनच स्क्रू काढवले. कूलर, म्हणजे पंख्याखालचा धातूचा ठोकळा, उचलला तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट वाळून तिचे पापुद्रे सुटले होते. स्पिरिट लावून ती पुसायला सांगितलं. खाली प्रोसेसर आरशासारखा चमकायला लागला तेव्हा त्यांनी चष्मा सारखा केला.

"हे दोन्ही धातू तुला गुळगुळीत दिसतात. नाहीत. बारीक खाचा आहेत, खाचांमध्ये हवा आहे, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. पेस्टने त्या खाचा भरायच्या, बस. लिंपायचं नाही. मधोमध मुगाएवढी ठेव, बाकी दाबाने आपोआप पसरते."

मी ट्यूब दाबली. भलामोठा गोळा पडला.

"पावाला लोणी लावतेस का? पूस."

पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला दुसऱ्यांदा करून घ्यायचा कंटाळा नव्हता. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक सपाट, यांत्रिक पुरुषी आवाज आला, "वसुधा. तिला चहा दे. ती घाबरली आहे." माझ्या हातून कूलर निसटायचाच राहिला.

ते माधवराव. खिदिरपूरला कस्टम्समध्ये होते. गप्पांना चटावलेला माणूस, पण निवृत्त झाल्यावर घशात कर्करोग निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते कीबोर्डवर एका बोटाने टाइप करत आणि कॉम्प्युटर ते मराठीत वाचून दाखवे. मोबाइलवर तीच सोय होती, पण त्याची बारीक अक्षरं त्यांना सापडत नसत.

वसुधाताई या उद्योगात पडल्या त्या याच कॉम्प्युटरपायी. तो तापला की बंद पडायचा. "यांचं वाक्य अर्धं राहायचं. भांडण अर्धं राहायचं. ते मला कसं चालेल?" दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत राहिला, तेव्हा त्यांनी स्वतःच व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. एकदा पेस्ट संपली होती म्हणून टूथपेस्टही लावून पाहिली होती. "पहिले काही दिवस छान गेले. मग तिचा पापड झाला. पण घर पुदिन्याच्या वासाने दरवळलं होतं."

माझा कॉम्प्युटर त्या दिवशी दुरुस्त झाला, पण माझं जाणं थांबलं नाही. दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा डबा उघडलेला असे. एकदा न्यू टाउनमधला अर्णव नावाचा इंजिनिअर आला. त्याला साधी करडी पेस्ट नको होती. त्याने द्रवरूप धातूची महागडी ट्यूब आणली होती. पाऱ्यासारखी चकाकत होती. वसुधाताईंनी ट्यूबवरचा मजकूर वाचला, एक ॲल्युमिनियमचा तुकडा घासून त्यावर एक थेंब चोळला आणि बंगालीत त्याला सांगितलं, उद्या ये. दुसऱ्या दिवशी तो तुकडा त्याच्या बोटांत बिस्किटासारखा मोडला.

"तुझ्या कूलरचा तळ याच धातूचा आहे," त्या म्हणाल्या. "तांब्याचा असता तर मी अडवलं नसतं. वस्तू वाईट नाही रे. जोडी चुकली."

आतून माधवरावांचा आवाज आला, "आमची पण." वसुधाताईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही, पण त्यांच्या गालाला खळी पडली.

दुसऱ्यांची यंत्रं दुसऱ्यांकडूनच उघडून घेणाऱ्या या बाई माधवरावांच्या यंत्राला मात्र कुणाला हात लावू देत नसत. पावसाळ्यात वसुधाताईंचा उजवा हात थरथरू लागला तरी हे बदललं नाही. थरथर त्यांनी लपवली नाही. "डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, वाढत जाईल," एवढंच सांगून त्या कपात अर्धाच चहा घेऊ लागल्या.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात माधवराव बोलणार होते. आवाज होता तेव्हा दरवर्षी सूत्रसंचालन तेच करत. शस्त्रक्रियेनंतर ते मंचावर गेलेच नव्हते. आता त्यांनी खिदिरपूरच्या नोकरीतले गमतीदार प्रसंग टाइप करून ठेवले होते आणि मंडळाच्या पत्रकात त्यांचं नाव छापून आलं होतं. दुपारी कॉम्प्युटर टॅक्सीने सभागृहात नेला. मंचावर जोडून पाहिला तर दोन वाक्यं झाली आणि आवाज बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. कुणीतरी आपला लॅपटॉप पुढे केला, पण त्यात मराठी बोलणारा आवाज नव्हता. खुर्च्या मांडणारे लोक थांबून बघू लागले. माधवराव हात मागे बांधून उभे होते.

वसुधाताईंनी डबा उघडला. रस्त्यातल्या खड्ड्यांनी कूलरची एक प्लास्टिकची खुंटी सुटली होती आणि कूलर एका बाजूने उचलला गेला होता.

"पेस्ट फाटली," त्या म्हणाल्या. "नुसता दाबून भागणार नाही. मधे हवा शिरली. पुसून नव्याने लावायला हवी."

प्रथमोपचाराच्या पेटीत स्पिरिट मिळालं. चष्म्याच्या फडक्याने त्यांनी दोन्ही बाजू पुसल्या, तिथवर जमलं. पेस्ट त्यांच्या पर्समध्ये असायचीच. टोपण काढून त्यांनी ट्यूब प्रोसेसरवर धरली आणि तिचं टोक हवेत गोल गोल फिरू लागलं. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं. तरी फिरतच राहिलं. त्यांनी श्वास रोखला, पुन्हा नेम धरला, पुन्हा हात मागे घेतला.

तेव्हा माधवराव पुढे झाले. त्यांनी वसुधाताईंच्या मनगटावर आपला हात ठेवला, हळूच ट्यूब काढून घेतली आणि माझ्या हातात दिली. वसुधाताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तेही नजर न हटवता बघत होते. बोलायचं साधन तर टेबलावर उघडं पडलं होतं.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "मीनल, हात धुऊन ये."

मी आले तोवर त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. "मधोमध. घाई नको. आणखी थोडी. पुरे. आता कूलर सरळ खाली आण, तिरका टेकवू नकोस. आधी हा कोपरा दाब, मग त्याच्या समोरचा." चारही खुंट्या टक टक करत बसल्या. बटण दाबलं. त्यांची नजर पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्यावर होती. आकडा थोडा चढला आणि तिथेच थांबला.

माधवराव बसून टाइप करू लागले. सभागृहभर आवाज घुमला, "इतकी वर्षं माझं डोकं हिनेच थंड ठेवलं. आज पहिल्यांदा शिष्येकडे सोपवलं."

सगळे हसले. वसुधाताई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "आता बोला हवं तेवढं."

आणि ते बोलले. ते यंत्र खिदिरपूरचा उच्चार दरवेळी वेगळाच करी. माधवराव थांबून टाइप करत, "क्षमा करा, हा आवाज मूळचा कोलकात्याचा नाही," आणि हशा उसळे. मी वळून बघितलं. वसुधाताई शेवटच्या रांगेत बसून डोळे पुसत होत्या, पण हसतही होत्या.

परतताना टॅक्सीत त्या मला म्हणाल्या, "हाताचं मला फारसं वाटलं नाही गं. शाळा सोडली तेव्हाच काहीतरी सुटायची सवय झाली. पण यांच्या मशीनला मीच लागते, असं मी धरून चालले होते."

"मग?"

"मग काय. नाही लागत. बरं झालं कळलं ते. उद्या मला काही झालं तर हे गप्प बसणार नाहीत." पुढच्या सीटवर माधवराव मान डोलावत होते.

पुढच्या उन्हाळ्यात आमची नागपूरला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तो रविवारच होता आणि टेबलाभोवती नेहमीसारखी माणसं होती. वसुधाताई हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसल्या होत्या आणि अर्णव त्यांच्या देखरेखीखाली माधवरावांचा कॉम्प्युटर साफ करत होता. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो थरथरत होता, आणि तसाच बराच वेळ फिरत राहिला.

"मी खाली येत नाही," त्या म्हणाल्या. "कूलर उघडा आहे, धूळ बसेल. तू नीघ."

खाली सोडायला माधवराव आले. माझी पिशवी त्यांनीच घेतली होती. टॅक्सीत ती ठेवली, दार लावलं आणि काचेशी वाकले. त्यांचा आवाज वर टेबलावर उघडा पडला होता. तरी त्यांनी सावकाश, एकेक अक्षर ओठांनी जुळवून सांगितलं आणि मला सगळं कळलं.

"पोचलीस की कळव."