दीड लॅप आधी

"सात लॅप आपली बाई पुढे आणि कप दुसरीच घेऊन जाते. सलग दुसरं वर्ष, मॅडम. हा काय प्रकार आहे?"

करंदीकर साहेब आमचे पर्सोनेल मॅनेजर. त्यांच्या टेबलावर इंटर-कंपनी स्पोर्ट्स मीटचा रिझल्ट पडला होता. बायकांची तीन हजार मीटर, दुसरा क्रमांक, हिरा वैती. दुसऱ्या क्रमांकाखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली होती. जणू तिने काही चोरलं होतं.

"सर, दुसरीच्या पायात किक आहे," मी म्हटलं.

"मग आपलीच्या पायात का नाही?"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडच्या एका औषधांच्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर होते. कॅन्टीनच्या डाळीत पाणी जास्त आहे इथपासून बाळंतपणाच्या रजेपर्यंत सगळं माझ्याकडे. कॉलेजात मी आठशे मीटर धावायचे. हे इंटरव्ह्यूत बोलून बसले, म्हणून लेडीज टीमची कोचही मीच.

साहेब पुढे म्हणाले, "प्रॉडक्शनवाले रोज माझं डोकं खातात. सात बायका प्रॅक्टिससाठी दोन तास आधी सुटतात. बदल्यात काय, तर दुसरा क्रमांक. या वर्षी ही मोठी रेस जिंकली तर ठीक. नाहीतर लेडीज टीम बंद."

पुरुषांची क्रिकेट टीम गेली चार वर्षं पहिल्याच राउंडला घरी येत होती. तो विषय मी काढला नाही. काढून उपयोग नव्हता, साहेब तिचे कॅप्टन होते.

हिरा स्ट्रिप पॅकिंगला होती. ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली, सव्वीस वर्षांची, अंगाने काटक. आई आणि दोन मावश्या मासळी विकायच्या. हिरा लहानपणी आईबरोबर जेट्टीवरून बाजारात जायची, डोक्यावर टोपली घेऊन, अर्धं चालत अर्धं धावत. त्यामुळे दमणं हा प्रकार तिला उशिरा सुचायचा. पण एकदम जोरात सुटणं तिला जमायचं नाही. तिचा एकच गिअर होता. तो चांगला होता, पण एकच.

दोन्ही वर्षं कप नेणारी नंदिनी एका बँकेची. अंधेरीला राहायची, कॉलेजात चारशे मीटर धावलेली. चारशेवाल्यांच्या पायात शेवटच्या दीड-दोनशे मीटरसाठी एक साठा असतो. तो त्यांनी फोडला की बाकीचे उभे राहिल्यासारखे दिसतात. त्यालाच किक म्हणतात. मागच्या मीटला मी मोजलं होतं. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये नंदिनी हिरापेक्षा चार सेकंदांनी फास्ट होती. वाचायला किरकोळ वाटतं. ट्रॅकवर चार सेकंद म्हणजे एकापुढे एक उभ्या केलेल्या दोन बेस्टच्या बसगाड्या.

तीन हजार मीटर म्हणजे साडेसात लॅप. एक लॅप चारशे मीटरचा. हिरा पहिल्यापासून पुढे जायची आणि घड्याळासारखी एकाच वेगाने धावायची. नंदिनी तिच्या पाठीला चिकटायची. लोकांना वाटतं पुढे आहे तो जिंकतोय. प्रत्यक्षात पुढच्याने वारा अडवायचा, वेग ठरवायचा, काळजी करायची. मागच्याने फक्त पाठ बघायची. हिरा दोन वर्षं नंदिनीला फुकट फिरवून आणत होती आणि शेवटी दारात सोडत होती.

मी हिराला हे कागदावर गोल काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे मीच तिला जिंकवते?"

"तसंच म्हण."

"मग तिच्या कपावर माझं पण नाव पायजे."

उपाय पुस्तकात होता, माझ्या डोक्यातला नव्हता. शेवटी फास्ट असणाऱ्याला शेवटी हरवता येत नाही. त्याचा साठा आधीच खर्च करायला लावायचा. मधल्या लॅपमध्ये अचानक शंभर मीटर जोरात सुटायचं, मग थोडं ढिलं सोडायचं, मग परत. इंग्रजीत सर्ज म्हणतात. आमच्या टीममध्ये त्याला झटका हे नाव पडलं. प्रत्येक झटक्याला मागच्याला ठरवावं लागतं, जाऊ की राहू? गेला तर पाय खर्च होतात, राहिला तर अंतर पडतं. आणि असे तीन-चार झटके देऊन झाले की दीड लॅप बाकी असताना शेवटचा झटका द्यायचा. तो मात्र परत ढिला सोडायचा नाही. किकवाल्याला वाटतं, अजून लांब आहे, येईल ही परत. तो विचार करतो तेवढ्यात आपण निघून जायचं.

कारखान्याच्या मागे मैदान होतं. चुन्याने लाइन मारून आम्ही ट्रॅक केला. मी मध्ये शिट्टी घेऊन उभी राहायचे. शिट्टी वाजली की हिराने सुटायचं, दुसरी वाजली की ढिलं. पहिल्या आठवड्यात ती उलटी करून आली. दुसऱ्या आठवड्यात शिव्या दिल्या, शिट्टीला. तिसऱ्या आठवड्यात तिच्या पायाला दुसरा गिअर सापडायला लागला. नंदिनीसारखा नाही, पण कामापुरता.

मग मी शिट्टी खिशात टाकली. "आता तू ठरवायचंस."

ती थांबलीच. "मी? कधी सुटायचं ते मी ठरवू?"

"रेसमध्ये बाहेरून शिट्टी मारता येत नाही. डिसक्वालिफाय करतील."

"मॅडम, इथे आठ वर्षं झाली. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की जेवण, भोंगा वाजला की बाहेर. मना कोणी कधी विचारलं नाय, हिरा, कधी?"

त्या दिवशी तिचे सगळे झटके चुकले. एक वळणावर दिला, एक लगेच दुसऱ्याला लागून. दोन आठवड्यांनी मात्र मला शेजारी धावताना कळेना ती कधी सुटणार. तेव्हा मी निर्धास्त झाले.

निर्धास्तपणा चार दिवस टिकला. रेसच्या आदल्या संध्याकाळी करंदीकर साहेब स्वतः मैदानावर आले. त्यांनी हिराला बोलावलं आणि माझ्यादेखत कोचिंग सुरू केलं.

"हे बघ हिरा, तू पहिल्यापासून पुढे पळतेस, तीच चूक आहे. मागे राहा. एनर्जी वाचव. आणि शेवटच्या लॅपला जोर लाव. सिंपल!"

म्हणजे जी गोष्ट नंदिनीला येते आणि हिराला येत नाही, नेमकी तीच करायची. मी म्हटलं, "सर, आपण प्रॅक्टिस वेगळी केलीय."

"मॅडम, थिअरी ठीक आहे. मी क्रिकेट खेळलोय. स्लॉग ओव्हर्स शेवटीच असतात."

हिराने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि दोघांना मिळून एकदाच मान हलवली.

रेस अंधेरीच्या एका मैदानावर होती. मातीचा ट्रॅक, आदल्या रात्री पाणी मारून रोलर फिरवलेला. अकरा बायका उभ्या राहिल्या. बंदूक वाजली. हिरा पुढे गेलीच नाही. ती पाचव्या नंबरवर जाऊन बसली. नंदिनी तिला शोधत मागे वळून बघत होती. पुढे राहायचं कोणालाच नव्हतं, त्यामुळे पहिला लॅप लग्नाच्या वरातीच्या वेगाने झाला. दुसराही तसाच.

साहेब माझ्या शेजारी खुर्चीवर होते. ते खूश. "बघा! ऐकतेय पोरगी."

रेस जितकी हळू, तितका किकवाल्याचा साठा शाबूत. तीन लॅप झाले. लेडीज टीम बंद झाल्याची नोटीस मला दिसायला लागली. खाली सही साहेबांची आणि टाइप करायला मीच.

चौथ्या लॅपच्या सरळ पट्ट्यावर हिरा बाहेरच्या बाजूने निघाली आणि सुटली. शंभर मीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकलं. नंदिनी दचकली, मग जोर लावून तिला गाठलं. गाठल्या गाठल्या हिरा ढिली पडली. नंदिनी जवळजवळ तिच्या पाठीवर आदळली. श्वास जमवते न जमवते, तोच हिरा परत सुटली. या वेळी वळणावर.

"अहो, ही काय करतेय?" साहेब उभे राहिले. "हिला थांबवा!"

"बाहेरून सांगता येत नाही, सर. डिसक्वालिफाय करतील." हा नियम मला त्या दिवसाइतका कधीच आवडला नाही.

पाचवा लॅप झाला. बाकी बायका मागे फुटून पांगल्या होत्या. पुढे दोघीच. हिराने तिसरा झटका दिला. नंदिनी गेली, पण आता तिचे खांदे वर चढले होते. धावणाऱ्याचे पाय खोटं बोलतात, खांदे बोलत नाहीत. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं.

सहा लॅप संपले. दीड लॅप बाकी. हिराने चौथा झटका दिला. नंदिनीने या वेळी हिशोब केला. ही दर वेळी परत येते, आत्ताही येईल, आपण शेवटचे दोनशे राखू. दहा मीटर पडले, तिने पडू दिले. हिरा परत आली नाही. शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा वीस मीटर होते. नंदिनीला ते घंटेबरोबर कळलं. तिने किक काढली, पण ती शेवटच्या दोनशेची किक होती, तिला चारशे मीटर ताणावी लागली. तरी ती आली, कमालच केली तिने. वीसचे पंधरा झाले. शेवटच्या वळणावर दहा. हिराचं धावणं तोवर बघवत नव्हतं. मान एका बाजूला, हात कुठेही. सरळ पट्ट्यावर सहा मीटर, मग चार. साहेब ओरडत होते, मी ओरडत होते. काय ओरडत होतो ते दोघांनाही आठवत नाही.

हिरा दोन पावलांनी जिंकली आणि लाइनच्या पलीकडे चक्क बसली.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. नंदिनी आधीच तिच्याजवळ वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात, धापा टाकत.

"तू मध्येच वेड्यासारखी का पळत होतीस गं?"

"वेडी वाटले ना?" हिरा म्हणाली. "मग झालं."

नंदिनी हसली. तिने हिराला हात देऊन उठवलं.

थोडी शांत झाल्यावर मी हिराला विचारलं, "पहिले तीन लॅप मागे का राहिलीस? माझा जीव गेला होता."

"साहेबाचं तीन लॅप ऐकलं, बाकीचं तुमचं ऐकलं. माझ्या वर्षाच्या रिपोर्टावर दोघांची सही लागते, मॅडम."

सोमवारी नोटीस बोर्डावर फोटो लागला. मधोमध कप, कपामागे करंदीकर साहेब, आणि उजव्या कडेला हिराचा एक खांदा. खाली टाइप केलं होतं की मॅनेजमेंटच्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीला संयम राखून आपल्या खेळाडूने विजय मिळवला. टाइप मीच केलं. संयमाचा मुद्दा खोटा म्हणता येत नव्हता, तीन लॅप तो सगळ्यांनी पाहिला होता.

टीम बंद झाली नाही. पण गुरुवारी दुसरी नोटीस आली. प्रॅक्टिसची सवलत दोन तासांवरून एक तास. मी केबिनमध्ये गेले.

"सर, आपण जिंकलो."

"म्हणूनच. टार्गेट अचीव्ह झालं. आता एवढ्या प्रॅक्टिसची गरज काय? शिवाय प्रॉडक्शनचं म्हणणं आहे की पॅकिंगला आठ तास उभं राहिल्यानेच हा स्टॅमिना येतो. एक तास जास्त उभी राहील, तिचाच फायदा."

मी बाहेर येऊन हिराला सांगितलं. ती स्ट्रिप मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पुढच्या वर्षी हरू का जरा?"

"हरलीस तर टीम बंद करतील."

"जिंकले तर टाइम कापतात, हरले तर टीम कापतात." तिने बंडल बांधलं. "मग मधलं काय ते बघा. ते तुमचं काम."

मला तीन दिवस लागले. मग मी नवीन अर्ज लिहिला. त्यात कप, फोटो, विजय यांचा उल्लेखच केला नाही. लिहिलं की गेल्या काही दिवसांत खेळाडूच्या वेगात घट आढळून येत असून पुढील वर्षी प्रथम क्रमांक राखणे अवघड दिसते, तरी सवलत पूर्ववत करावी. कप हातचा जाणार म्हटल्यावर फाइल हलली. चार दिवसांत दोन तास मंजूर झाले.

हिराचा वेग तेव्हा महिन्यागणिक वाढत होता. पण स्टॉपवॉच एकच होतं आणि ते माझ्या पर्समध्ये असायचं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी हाच नियम पाळला. जिंकल्याचं मैदानावर ओरडून सांगायचं, अर्जात कधीही लिहायचं नाही.