लाल ठिपक्यापर्यंत

आनंदाचे कान समुद्राने खाल्ले, असं गोदूबाई शेजारणींना सांगायची. नवऱ्याची बाजू घेण्याची तिची ही आपली एक रीत. खरं तर ते इंजिनाने खाल्ले. 'सावित्री' नावाच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर आनंदाने चाळीस वर्षं इंजिनाच्या खोलीत काढली. डोळे मिटून तो सांगायचा, तिसऱ्या सिलिंडरचं काहीतरी बिनसलंय, आणि बिनसलेलं असायचं. पुढे माणसांचं बोलणं पुसट होत गेलं, तेव्हा त्याने मान डोलवायची युक्ती काढली. कोणी काही म्हणो, हा आपला "व्हय, व्हय". पण एके दिवशी इंजिनच ऐकू येईना. तेव्हा मात्र त्याने पान्यांची पिशवी माळ्यावर टाकली आणि समुद्र सोडला. आता आपण कशाचे इंजिनवाले, हा सल त्याने बायकोलासुद्धा सांगितला नाही.

अशात त्याची मुलगी रुचिरा दापोलीहून सुट्टीला आली. तिकडे नोकरीला लागल्यावर तिने एक जुनी पेट्रोल गाडी घेतली होती, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोची. आधीच्या हौशी मालकाने तिच्यात हवेच्या दाबाचं एक गोल घड्याळ बसवलं होतं. मधोमध शून्य, डावीकडे आकडे, उजवीकडेही आकडे. उजवीकडच्या बारापाशी काचेवर लाल ठिपका. चढावर काटा तिथवर गेला पाहिजे, असं त्याने रुचिराला बजावलं होतं. हल्ली मात्र गाडी चढावर रडायची, काटा ठिपक्याच्या बराच अलीकडे अडायचा, म्हणून तिने ती बाबांना दाखवायला आणली होती.

आनंदाने पिशवी माळ्यावरून काढली. ही गाडी कळली नाही तर पिशवी भंगारात द्यायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. रुचिराने गाडी चालू केली. काटा शून्यावरून घसरला आणि डावीकडे अठरावर जाऊन बसला. आनंदाचा चेहरा पडला. बोटीच्या डिझेल इंजिनावरचा काटा शून्यावर उभा असायचा आणि जोर आला की वर चढायचा. शून्याच्या खाली गेलेला काटा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"गो बाय, इंजिन गेला तुझा," तो म्हणाला.

गोदूबाईने कपाळाला हात लावला. पोरीची गाडी यांनी एका नजरेत मारली, असं ती म्हणाली. आनंदाने मान डोलवली, "व्हय, व्हय". रुचिरा हसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याला भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. सुरूच्या सावलीत गाडी चालूच ठेवून शहाळी आणायला उतरली. आनंदा एकटाच बसून राहिला. त्याच्या कानांत आता नेहमी भरतीनंतरची असते तसली शांतता असायची. त्या शांततेत काटा अठरावर थांबला होता, अगदी किंचित हलत. झोपलेल्या माणसाची छाती हलते तेवढाच. बघता बघता त्याला वाटलं, आपण पुन्हा खोल पाण्यावर आहोत, पायाखाली सावित्री डुलतेय, सगळं ठीक आहे. गेलेलं इंजिन इतकं निवांत कसं?

रुचिराने शहाळं हातात दिलं. नळीत मलई अडकली. त्याने ओढलं, आणखी जोरात ओढलं, तेव्हा गाल आत गेले. तो तसाच थांबला. पेट्रोलच्या इंजिनाला श्वासाच्या वाटेवर झडप असते. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की झडप मिटते, आणि इंजिन मात्र ओढतच राहतं, म्हणून काटा शून्याच्या डावीकडे. डिझेलला ती नसते, म्हणून ही ओढ त्याला कधी दिसलीच नव्हती.

त्याने खुणेने रुचिराला पाय द्यायला लावला. काटा शून्याकडे धावला. पाय सोडला, तो अठराच्याही डावीकडे गेला आणि परत येऊन स्वस्थ बसला. म्हणजे डावी बाजू निरोगी. इंजिन ठणठणीत होतं, टर्बोने दाबलेली हवा झडपेपर्यंत पोचत नव्हती.

त्याने बॉनेट उघडलं, पुन्हा पाय द्यायला लावला आणि इंजिनाचं तापलेलं अंग टाळत टर्बोकडून येणाऱ्या रबरी पाइपावरून तळहात फिरवत नेला. एका जोडापाशी तेलाचा ओला डाग होता, आणि तिथेच तळहातावर बारीकशी फुंकर आली. क्लिप सैल झाली होती. पिशवीतल्या स्क्रूड्रायव्हरचे चार फेरे, बस्स.

मग फणसोपचा चढ लागला. रुचिराने पाय दाबला आणि पाठ सीटला टेकली. काटा शून्य ओलांडून पाच, आठ, दहा करत ठिपक्यावर जाऊन टेकला. रुचिरा समोर बघत काहीतरी बोलली, हसली. आनंदाची मान सवयीने डोलायला निघाली, पण त्याने ती आवरली.

चढ संपून वरच्या मोकळ्या, खडकाळ सड्यावर पोचल्यावर तिने गाडी थांबवली. समोर खाली सगळा समुद्र पसरला होता.

"मना ऐकू येत नाय गो," तो म्हणाला. "इंजिनपण नाय. दोन वर्षं झाली." एवढं बोलून त्याला रडू आलं, आणि हलकंही वाटलं. "काय म्हणालीस मघाशी?"

रुचिरा त्याच्याकडे वळली. सावकाश, ओठ दिसतील असं म्हणाली, "टर्बोची शिट्टी परत आली, बाबा."

"कशी वाजते?"

तिने त्याचा तेलकट तळहात ओढून तोंडापाशी धरला आणि त्यावर एक लांब, बारीक फुंकर घातली.