तिसऱ्या ठोक्याचा उशीर

ऑल्डविन,

चर्चच्या वार्षिक अंकासाठी तुझ्याविषयी लिहून द्या म्हणाले. तुझ्याविषयी लिहायचं तर तुझ्याशीच बोलते. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

माझ्या वर्गात तू गणितात दोनदा नापास झालास. पुढे आपल्या बेलमाँट वस्तीत आईच्या शिवणखोलीत बटणांचं यंत्र मांडून गायकांना कार्निवलच्या गाण्यांचे ठेके बनवून देऊ लागलास, तेव्हा मी तोंडावर म्हणाले होते, ढोलाला हात न लावता ढोल वाजवायचा, हे कसलं काम? माझा नवरा एगबर्ट मात्र खिडकी उघडी ठेवून ऐकायचा. तो चाळीस वर्षं वस्तीच्या स्टीलबँडमध्ये, पत्र्याच्या पिंपांची वाद्यं वाजवणाऱ्या ताफ्यात, लोखंड वाजवत होता. मोटारीच्या ब्रेकचा जुना ड्रम आणि दोन सळ्या, एवढंच सामान. शंभर वादक त्याच्या तालावर रस्ता चालायचे.

नोव्हेंबरात पक्षाघाताने त्याचा उजवा हात गेला. बँडने नवा माणूस घेतला. बरा होता, पण ठेका एगबर्टचा नव्हता. मरणाचं एगबर्टला फारसं काही वाटत नव्हतं. आपला ठेका आपल्याबरोबर जाईल, या विचाराने मात्र तो जेवेनासा झाला. तू येऊन म्हणालास, यंत्रात घालून ठेवतो.

पहिला ठेका आणलास तो घड्याळासारखा. एगबर्टने मान फिरवली. आठवड्याने दुसरा आणलास. आता यंत्राला सांगून प्रत्येक ठोका थोडा इकडेतिकडे ढकलला होतास, जोर कमीजास्त केला होतास, कुठेही, कसाही. माणूस चुकतो म्हणून चुका पेरल्यास आणि खूश होऊन आलास.

"हे कोण वाजवतंय?" एगबर्टने विचारलं. जीभ अजून जड होती.

"तुम्हीच की, अंकल."

"मी पिऊनसुद्धा असा वाजवत नाही. अरे, मी उशीर करतो तो रोज त्याच जागी करतो."

मी हसले. तू हसला नाहीस. ती जागा कुठली, हे त्याला सांगता येईना. उभा जन्म ते हातालाच ठाऊक होतं. त्याच्या डाव्या हातात सळी दिलीस, तेही जमेना. तेवढ्यात तो वैतागून म्हणाला, "बसून काय वाजवतोस? चाल."

मग माझ्या एप्रनच्या बंदाने यंत्र गळ्यात अडकवलंस आणि व्हरांड्यात चालायला लागलास, कार्निवलच्या गर्दीत चालतो तसा, पाय न उचलता, घासत. बोटं रबरी बटणांवर. एगबर्ट खुर्चीतून ओरडत होता: आत्ता नाही, पाय ओढून होऊ दे, मग मार. तिसरा ठोका पाय घासून संपेपर्यंत थांबायचा आणि चौथा घाईने येऊन त्याला गाठायचा. केसाएवढा फरक. त्यानंतर तीन आठवडे तू त्याच केसाची मापं घेत बसलास. गणितात नापास झालेला मुलगा सेकंदाचे हजार तुकडे करून त्यातले वीस इकडे, बारा तिकडे सरकवत होता.

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून नारळ किसत होते. बाहेर ठेका सुरू झाला आणि माझा हात थांबला. एगबर्ट टेकडी उतरून येत होता, पंचविशीतला, लग्नाआधीचा. पावलासकट ऐकू आला मला. बाहेर येऊन बघते तर तो खुर्चीत, उजवा हात मांडीवर ओल्या फडक्यासारखा पडलेला, आणि तोच हात तुझ्या त्या यंत्राच्या डब्यातून वाजत होता. इतकी वर्षं चर्चमध्ये गुडघे टेकले, पण अशी गप्प मी तिथे कधी झाले नाही. एगबर्टचा डावा पाय फरशीवर घासत होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. तू जमिनीकडे बघत उभा होतास, चोरी पकडल्यासारखा.

डाव्या हाताने गाल पुसून एगबर्ट म्हणाला, "डब्यात ठेवून काय करायचंय? त्या नव्या माणसाला शिकव. कुणाच्या तरी हातात जाऊ दे." मग मला म्हणाला, "तू जा याच्याबरोबर. हा लाजतो."

बँडकडे जायला शनिवार ठरला. शनिवारी तुला कुणा गायकाने बोलावलं. मग कार्निवल आला. ईस्टरच्या आधी एगबर्ट गेला. आता दोन वर्षं झाली. तुझा तो ठेका गायकांच्या गाण्यांतून अर्ध्या शहराला नाचवतो. तो लागला की मी अजून हातातलं काम सोडून उभी राहते, पण वाजवत असतो तो डबाच, कुणाचा हात नव्हे.

बँडचं सरावाचं अंगण माझ्या दारापासून सात मिनिटांवर आहे. आपण दोघं अजून तिकडे गेलेलो नाही.