नऊशे ग्रॅमचा कॅमेरा

माझे काका दवाखान्यात एक्स-रे काढतात. तेवीस वर्षं दिवसभर एकच संवाद: "श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका." घरीही तोच. मोबाइलवर कुणाचा फोटो काढायचा झाला की "धरून ठेवा" म्हणतात आणि "सोडा" म्हणायला विसरतात. आमच्या सगळ्या कौटुंबिक फोटोंत माणसं गाल फुगवून उभी आहेत.

खरा डोळा काकूचा. दुकानांबाहेरच्या रिकाम्या खुर्च्या, न्हाव्याच्या आरशातली अर्धी मान, असलं काहीबाही ती टिपायची. मोबाइलवर झूम केलं की सगळं पीठ पीठ व्हायचं. एकदा ती म्हणाली, "आपण खराखुरा कॅमेरा घेऊ या का? दोघांत एक."

झालं. काकांनी वही काढली. तीन आठवडे व्हिडिओ, रकाने, लाल पेन. सेन्सर केवढा, सोबतची लेन्स कुठली, बॅटरी किती टिकते. काकू भाजी निवडता निवडता विचारायची, "लागला का निकाल?"

"घाई करायची नाही. डीएसएलआर म्हणजे काय टॉर्च आहे?"

शेवटी दोन उरले. एक लहानसा, साधा. दुसरा त्याच्याहून पाव किलोने जड, लेन्ससकट नऊशे ग्रॅम. काकांचं मत वजनाकडे झुकलं, आणि त्याला कारण त्यांची नोकरी. दवाखान्यात वॉर्डावॉर्डांतून फिरवायचं एक हलकं यंत्र आहे, त्यावरचे फोटो नेहमी हललेले येतात. जमिनीला बोल्ट मारलेलं अवजड धूड मात्र केसाएवढी चीरही दाखवतं. जड ते स्थिर आणि स्थिर ते स्वच्छ, हे काकांच्या हाडात मुरलेलं.

दुकानात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "वापरणार कोण?"

"मी," काका म्हणाले. मग शेजारी काकू उभी आहे हे आठवून, "हिलाही आवड आहे थोडीशी."

काकूने जड कॅमेरा डोळ्याला लावला, दोन्ही हातांनी परत ठेवला. "चांगला आहे," म्हणाली.

पुढचे दोन महिने रविवारी काका कॅमेरा गळ्यात घालून निघायचे आणि काकू मोबाइल घेऊन मागून.

"घे की तू पण."

"तुम्ही काढा. मला याची सवय आहे."

आता मोबाइलच बरा वाटतो हिला, असं काका मला फोनवर सांगायचे. चक्क तक्रारीच्या सुरात.

एका रविवारी आंघोळीला गेलेले काका टॉवेल विसरला म्हणून परत आले. काकू खिडकीशी होती, पाठमोरी. समोरच्या इमारतीला रंग देणारा माणूस दोरावर लटकत होता. तिने डाव्या हाताने कॅमेरा खालून तोलला, उजव्या हाताने पकडला, उचलला. बोट बटणापर्यंत गेलं आणि अख्खा हात थरथरायला लागला. कॅमेरा टेबलावर ठेवून तिने उजवी मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली. पाच वेळा.

तो व्यायाम काकांना पाठ होता. दीड वर्षापूर्वी जिन्यात पडून काकूचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा एक्स-रे त्यांनीच काढला होता. प्लास्टर घालण्याआधी, घातल्यावर, काढल्यावर. हाड किंचित तिरकं जुळलंय आणि जोर पूर्वीसारखा येणार नाही, हे डॉक्टरांच्या आधी त्यांना दिसलं होतं. काका तसेच न्हाणीघरात परतले आणि नळ सोडून नुसते उभे राहिले.

जेवताना काका शेवटी म्हणाले, "हात दुखतो हे मला सांगायचं नाही का?"

काकू वाढायची थांबली. "तुम्हाला? माझं मनगट आतून बघितलेला एकच माणूस आहे या घरात."

"दुकानातच कळलं होतं मला," ती म्हणाली. "पण 'थोडीशी' ऐकल्यावर तोंड उघडावंसंच वाटलं नाही."

"चुकलंच माझं."

"हो."

काकूने "जाऊ द्या" म्हणावं म्हणून काका थांबले होते. ती ताक घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा खोक्यात घालून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. "बदलून आणू. वापरलेला घेतात ते. त्यात तो लहान येईल."

"मी जाते."

"मी येऊ? समजावून द्यायला."

"मला समजतं."

त्या दुपारी काकांनी म्हणे एकाच बाईच्या गुडघ्याचा फोटो दोनदा काढला.

काकू लहान कॅमेरा घेऊन आली. परवा मी गेले तेव्हा शंभरेक फोटो झाले होते. मागच्या पडद्यावर ती मला एकेक दाखवत होती, काका खुर्चीमागे उभे. एका फोटोत अख्खा रस्ता उताराला लागल्यासारखा तिरका होता. काकांचं बोट पुढे आलं, मग मागे गेलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

काकूने मान वळवली. "खरंच, की अपराधी वाटतंय म्हणून?"

काकांनी बराच विचार केला. "सांगता येत नाही गं."

"मग येईल तेव्हा सांगा," ती म्हणाली आणि पडदा माझ्याकडे वळवला.