चाकाचा कागद

सुंद्राक्काचा कागद मी मुद्दाम चुकीचा कापला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आता अक्का नाही, माझेही केस पिकलेत. लिहून टाकतो.

अक्का म्हणजे माझी आत्या. बंगळुरातली सगळी बसवनगुडी तिला अक्काच म्हणायची. गांधी बझारमागच्या गल्लीत आमचं शिलाईचं दुकान होतं. गिऱ्हाईक वीस वर्षांचं जुनं असो, अक्का दर खेपेला नवं माप घ्यायची. बाई कुरकुरली, "अहो, गेल्याच महिन्यात घेतलंत की!" तर टेप तिच्या दंडाभोवती फिरवत म्हणायची, "ते गेल्या महिन्याच्या दंडाचं होतं. माप अंगाचं घ्यावं बाई, आठवणीचं घेऊ नये." मी बेतत असलो की मागून आवाज यायचा, "स्वल्प सैल रे! आत माणूस राहणार आहे, उशी नव्हे."

मी आईवेगळा, तिच्याच हाताखाली वाढलो. पंचविशीत दुकानातली बेतणी माझ्याकडे आली, पण लोक यायचे ते अक्काच्या हातासाठी. हे मला पक्कं ठाऊक होतं आणि ते रोज टोचायचं.

स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी कंटोन्मेंटमधली एक मडम विलायतेला परत निघाली. अक्का तिचे फ्रॉक शिवायची. जाताना तिनं आपली कॅरॅव्हॅन अक्काला देऊन टाकली. मोटारीमागे जोडून ओढायचं, दोन चाकांवरचं, पत्र्याचं छोटं घर. गल्लीतल्यांना वाटलं, अक्का आता त्यात कोंबड्या पाळणार. अक्कानं आतला पलंग काढून तीन शिलाई मशिनं बसवली. कनकपूर रस्त्यावरच्या खेड्यांतून फिरायचं, बायकांना शिवण शिकवायचं, हे तिनं ठरवलं होतं. बसनं जाऊन एका गावात कबूलही करून आली, "संक्रांतीला येते. शिकायचं असेल त्यांनी दुसरं काम धरू नका."

अडलं ते चाकापाशी. गाडी ओढायला शेजारच्या मुनियप्पाची जीप ठरली होती. तो वाकून खाली बघत म्हणाला, "अक्का, स्टेपनी यल्ली? जादा चाक कुठाय?"

"नाही रे. तुझ्या जीपचं लावू."

"माझं ह्याला बसत नाही. त्या रस्त्यावर टायर फुटला तर मशिनं खड्ड्यात आणि तुम्ही मशिनांखाली. स्टेपनी मिळेपर्यंत मी जोडणार नाही. सरी?"

"सरी, ठीक आहे," अक्का म्हणाली. "मग माप घेऊ."

चाक उतरवलं. खाकी कागद पसरून तिनं त्यावर चाक ठेवलं आणि खडूनं मधलं भोक, भोवतीची पाच बोल्टांची भोकं, सगळं आखलं. झंपराचा नमुना काढतात तसा. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "काप." आणि देवपूजेला गेली.

मी दुकानात एकटा होतो. तिच्या खडूच्या रेघा बघत बसलो. अक्का गेली की गिऱ्हाईक जाणार, आणि मी किती पाण्यात आहे ते गल्लीला कळणार. मी दुसरा कागद घेतला. पाचही भोकं जवभर बाहेर सरकवून आखली. तो कापला आणि तिचा चुलीत घातला. रागाच्या भरात नाही. शांतपणे, नीट, कडेला कुठेही कात्री न डगमगता.

मग दर रविवारी आम्ही गुजरीत, म्हणजे जुन्या लोखंडाच्या बाजारात जायचो. अक्का पदर खोचून चाकांवर कागद पसरायची. पोरं हसायची, "अक्का, चाकाला झंपर शिवताय काय?"

"शिवते की. तुझ्या डोक्याचंही माप देऊन ठेव, रिकामं दिसतंय."

एका रविवारी खरं चाक मिळालं. मला पाहताक्षणी कळलं. टायर तसाच, घेर तसाच, भोकं पाच. अक्कानं कागद ठेवला. एक भोक जुळवलं की समोरचं सरकायचं.

"जवभर चुकतंय," ती म्हणाली.

दुकानदार म्हणाला, "हाणून बसेल हो, अक्का!"

"हाणलेलं बसत नाही अण्णा, अडकतं. आणि अडकलेलं वाटेत सुटतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं रे?"

"नाही बसायचं," मी म्हणालो.

ती संक्रांत गेली. पुढची आली. कुणाचंही माप दर खेपेला नव्यानं घेणारी अक्का त्या चाकाचं माप काही पुन्हा घेत नव्हती, कारण कागद मी कापला होता.

मी तुमकूरला सासुरवाडीला गेलो होतो, तेव्हा तिनं मुनियप्पाकडून चाक पुन्हा उतरवून नवा कागद आखला. का, ते तिनं कधी सांगितलं नाही. मी परतलो तर कॅरॅव्हॅनच्या पाठीला चाक बांधलेलं.

"मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं. आपला कागद पावसाळ्यात फुगला असेल." गाठ आवळत ती म्हणाली. कागद तसा फुगत नाही, पाच भोकं सारखी सरकवून तर नाहीच. हे तिला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. "मी उद्या निघते. दुकान तुझं. घाबरू नको. बिघडलं तर उसवायचं, पुन्हा शिवायचं. आपलं कामच ते."

दुकान चाललं. सुरुवातीला दोन-चार झंपर बिघडले, उसवले, पुन्हा शिवले. अक्का मात्र साठ साल उलटलं तरी गावोगाव फिरत राहिली. तिच्याकडे शिकलेल्या बायकांनी शाळेचे गणवेश शिवायला घेतले. एकीनं रामनगरात दुकान टाकलं. शेवटच्या आजारात ती घरी आली. मी पाय चेपत बसायचो. रोज ठरवायचो, आज सांगू. तोंडातून निघायचं, "पाणी देऊ, अक्का?"

अक्काच्या तेराव्याला, तिनं संक्रांतीचं कबूल केलं होतं त्या गावची निंगम्मा आली. आता कॅरॅव्हॅन तीच चालवते. जेवता जेवता सहज म्हणाली, "पहिल्या संक्रांतीला अक्का यायच्या होत्या. माझी धाकटी बहीण, देवम्मा, वर्षभर दुसरं काम न धरता वाट बघत बसली. घरात खायला नव्हतं. शेवटी कॉफीच्या मळ्यात मजुरीला गेली. अक्का आल्या, तर ही नव्हती." मग हसून म्हणाली, "आता परत आलीय. विचारते, ह्या वयात हात वळेल का?"

"वळेल," मी म्हणालो. "तिला माझ्याकडे पाठवा."

देवम्मा आली की तिला आधी कागदाचं सांगेन, मग मशिनावर बसवीन. अक्काला खरं सांगायचं होतं, ते देणं आता फिटायचं नाही. देवम्माचं एक वर्ष मी अजून देणं लागतो.